उरलेलं उतरताना सांगते

लोहगडवाडीत, गडाच्या पायऱ्या सुरू होतात तिथून जरा खाली, माझ्या आईचा स्टॉल आहे. वर निळी ताडपत्री, मागे कुडाची भिंत, पुढे दोन बाकडी आणि एक चूल. पिठलं-भाकरी, कांदाभजी, ताक, लिंबू सरबत. शेजारीपाजारी असेच आठ-दहा स्टॉल आहेत आणि सगळीकडे हेच पदार्थ मिळतात, जवळजवळ याच चवीचे. हे वाक्य आईला आवडणार नाही, पण ते खरं आहे. तरी गड उतरून पाय लटपटायला लागलेली माणसं चार स्टॉल ओलांडून आमच्याच बाकड्यावर येऊन बसायची. त्याचं कारण मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

आई चढणाऱ्यांना गोष्ट सांगायची. पाणी प्यायला थांबलेल्या माणसाला पेला देता देता सुरुवात करायची. तिची नेहमीची गोष्ट कोठीवरच्या बाईची. गडावर कातळात खोदलेली धान्याची कोठी आहे. आई सांगायची, फार पूर्वी त्या कोठीची राखण एका बाईकडे होती. खाली शत्रूचा वेढा, वर धान्य संपत आलेलं, आठ दिवस पुरेल एवढंच. शत्रूला हे कळलं तर तो नुसता बसून राहील आणि गड आपोआप पडेल. मग त्या बाईनं एक युक्ती केली.

"काय केलं?" ऐकणारा विचारायचा.

"वर जाताय न्हवं? कोठी बगा, तटावर हुबं राहून खाली बगा, वारं कुटनं येतंय त्ये बगा. आन् वळखा. उरलेलं उतरताना सांगते."

ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. आईनं ती लग्नानंतर माझ्या चुलत आजोबांकडून ऐकली होती, आणि त्यांनी कुणाकडून ऐकली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. सुटीच्या दिवशी स्टॉलवर ताटल्या विसळायला बसायचे. एकदा पुण्याच्या कॉलेजातल्या पाच-सहा मुली आल्या. त्यांनी आईची गोष्ट अगदी मन लावून ऐकली आणि आई नेमकी थांबायच्या ठिकाणी थांबली, तशी मी मागून ओरडले, "मला माहितीये! ती रोज सकाळी तटावर उभी राहून कोंडा पाखडते! कोंडा उडून खाली छावणीत पडतो, मग त्यांना वाटतं वर लय धान्य आहे!"

मुली म्हणाल्या, "अच्छा, मस्त." एकीनं माझ्या गालाला हात लावला. त्या वर गेल्या, दुपारी उतरल्या आणि गप्पा मारत आमच्या समोरून सरळ पुढे निघून गेल्या. खालच्या वळणावरच्या स्टॉलवर बसून त्यांनी भजी खाल्ली, ते मला दिसत होतं.

संध्याकाळी आवराआवर करताना आई म्हणाली, "त्यांच्या वाटचं तूच खाल्लंस की गं."

मला वाटलं ती भज्यांबद्दल बोलतेय.

पुढे शाळेत आणि नंतर तळेगावला कॉलेजात गेल्यावर मला आईच्या या बोलण्याची लाजच वाटायला लागली. मैत्रिणी गडावर यायच्या आणि सोमवारी म्हणायच्या, "तुझी आई किती बोलते! आम्हाला तर होमवर्कच दिला." त्या हे प्रेमानं म्हणत होत्या, पण मला ते टोचायचं. मला वाटायचं, गिऱ्हाईक परत यावं म्हणून केलेली ही चलाखी आहे, आणि ती सगळ्यांना कळते. कुणी विचारलं की मी सांगायचे, "वडील भातशेती करतात." स्टॉलचं नाव मी काढत नसे.

शिक्षण संपलं आणि मला पुण्यात एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. मोबाईलवर खेळायचे खेळ बनवणारी कंपनी. खेळातल्या जागा बनवणं हे माझं काम. खेळणारा ज्या रस्त्यानं चालतो, ज्या खोलीत शिरतो, ज्या जिन्यावरून पडतो, ते सगळं कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. ते ठरवणारी मी. गावात हे समजावून सांगणं अवघड होतं. आईनं ते तिच्या पद्धतीनं सोडवलं. कुणी विचारलं की ती सांगायची, "ती कॉम्प्युटरवर घरं बांधती, पन ऱ्हायला कुनी जात न्हाई."

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे किल्ल्याचा खेळ आला. एका ओसाड गडावर एक मुलगी एकटी पोचते आणि तिथं पूर्वी काय घडलं ते तिला शोधून काढायचं असतं. गड बनवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी मनातून फुलून गेले होते. त्या ऑफिसात गडाच्या पायथ्याशी जन्मलेली मी एकटीच. चार महिने मी तो गड बांधला. एकामागून एक चार दरवाजे, वळत जाणाऱ्या पायऱ्या, पाण्याची टाकी, कातळातली कोठी, डोंगरातून लांब बाहेर गेलेली माची. दगडावरचं शेवाळसुद्धा उत्तरेच्या बाजूला जास्त आणि दक्षिणेला कमी ठेवलं होतं.

आणि एवढ्या मेहनतीनं बांधल्यामुळे मला भीती वाटायला लागली, की खेळणाऱ्याचं यातलं काही बघायचं राहून गेलं तर? म्हणून मी पिवळे बाण घातले. कोपऱ्यात नकाशा दिला आणि त्यावर प्रत्येक बघण्यासारख्या जागेचा ठिपका. एक आवाज ठेवला. खेळणारा दरवाजाजवळ पोचला की तो आवाज दरवाजाची सगळी माहिती सांगायचा. कोठीत शिरायच्या आधीच कोठीत काय आहे ते कळायचं.

मग चाचणीचा दिवस आला. कॉलेजची दहा मुलं बोलावली होती. त्यांनी खेळायचं आणि आम्ही मागे उभं राहून, तोंडातून चकार शब्द न काढता बघायचं, असा नियम. पंधरा मिनिटांत त्यांतली सहा जणं किती उरलंय ते बघायला लागली. एक मुलगा तर पूर्ण गड बाणाकडे बघत चढला. ज्या टाक्यावर मी तीन आठवडे घालवले होते, पाण्यात ढग हलताना दिसावेत म्हणून, त्याच्या शेजारून तो मान न वळवता गेला. शेवटी एका मुलीनं फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "छान आहे. पण मला इथं काही करायचंच नाहीये. सगळं तुम्हीच करताय."

पाणी पिऊन येते असं सांगून मी बाहेर गेले आणि जिन्यात जाऊन बसले.

आमचे वरिष्ठ मूळचे नागपूरकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. ते जिन्यात आले आणि म्हणाले, "गड चांगला झालाय. पण तो तू बघितला आहेस. त्यांना बघायचा राहिला. महिनाभर वेळ आहे."

त्या रविवारी मी घरी गेले. जानेवारीतला रविवार, त्यामुळे वाडीत गाड्यांची रांग लागलेली. वडील शेतावर, आईला हाताखाली माणूस हवंच होतं. मी भजी तळायला उभी राहिले.

सकाळी नऊच्या सुमारास एक कुटुंब आलं. आईवडील आणि अकरा-बारा वर्षांची मुलगी. मुलीच्या कानात ते छोटे बिनतारी इअरफोन, चेहऱ्यावर मोठा कंटाळा. ती बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "मी इथंच थांबते. तुम्ही या जाऊन."

तिची आई म्हणाली, "अगं, वरून पवना धरणाचं सगळं पाणी दिसतं."

"फोटो बघितलाय मी."

"चार दरवाजे आहेत, गुहा आहेत..."

"माहितीये. व्हिडिओ बघितलाय."

ते तिला समजावत होते. ती बाई बोलत होती आणि मला माझ्या खेळातला तो माहिती सांगणारा आवाज ऐकू येत होता.

आई कांदा चिरत होती. तिनं मुलीला जरासुद्धा आग्रह केला नाही. थोड्या वेळानं, विळी बाजूला सारून, म्हणाली, "बाळा, माझं एक काम करशील का?"

मुलीनं एका कानातला इअरफोन काढला. "काय?"

"माझा गुडगा गेलाय. अकरा-बारा वर्सं झाली, म्या वर गेले न्हाई. मागच्या म्हैन्यात एक दादा सांगत हुता, दुसऱ्या दरवाज्याच्या आत पहारेकरी बसायची देवडी हाय ना, तितं खाली दगडावर रेगा कोरल्यात. कशाच्या, त्ये त्याला सांगता यीना. म्या कितीदा तितनं गेले आसंल, पन खाली बगितलंच न्हाई कदी. तवापासनं डोक्यात तेच फिरतंय."

"फोटो काढून आणू?"

"फोटोत मला न्हाई कळायचं. चष्मा न्हाई हितं. तू नीट बग आन् मला काडून दाव."

चष्मा तिच्या कमरेच्या पिशवीत होता. मी कढईतली भजी उलटली. त्यांच्या वाटचं खायचं नाही, एवढं मला आता कळत होतं.

मुलीनं दुसराही इअरफोन काढला. "देवडी म्हणजे काय?"

"दरवाज्यातनं आत गेल्यावर बाजूला वट्यासारखी जागा आसती. सापडंल तुला."

ती गेली. आईवडिलांच्या पुढे गेली.

तीन तासांनी ती परत आली तेव्हा तिचे आईवडील अजून वरच्या वळणावर होते. धापा टाकत तिनं विचारलं, "मावशी, कोळसा आहे?" आईनं चुलीतला विझलेला तुकडा दिला. मुलीनं तेलाच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा केला आणि त्यावर काढायला लागली. एक मोठा चौकोन. त्याच्या आत दुसरा. त्याच्या आत तिसरा. मग चारही बाजूंच्या मधोमध तिन्ही चौकोनांना जोडणारी एक-एक रेघ.

आई वाकून बघत होती. तिनं हात पदराला पुसले आणि एकदम तोंडावर ठेवले.

"अगं बया! ही तर नवकंकरी!"

त्या क्षणी मी आईच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला खात्रीनं सांगता येतं. तिला ठाऊक नव्हतं. चष्म्याचं खोटं होतं, पण प्रश्न खरा होता. महिनाभर ती खरोखरच त्या रेघांचा विचार करत होती, आणि उत्तर तिला त्या मुलीनं आणून दिलं होतं. आईचं माहेर तळेगावजवळच्या इंदुरीचं. लहानपणी देवळाच्या पायरीवर ती आणि तिच्या बहिणी हाच पट आखून खेळायच्या. प्रत्येकीकडे नऊ खडे, तीन खडे एका रेघेत आणले की समोरच्याचा एक खडा उचलायचा.

"म्हणजे पहारेकरी ड्युटीवर गेम खेळत होते?" मुलीनं विचारलं.

"मग काय करतील? दिसभर वाटंकडं बगून डोळं दुकत्यात की."

"आणि माहितीये, त्याच्या शेजारी अजून एक आहे. पण तो अर्धाच आहे. दोनच चौकोन, तिसऱ्याची एकच बाजू."

"आरदाच? आन् तो का?"

मुलगी विचार करायला लागली. "छिन्नी तुटली असेल."

"नायतर सायेब आला आसंल अचानक," आई म्हणाली, आणि दोघी एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या स्टॉलवरची माणसं वळून बघायला लागली.

मग आईनं डब्यातून नऊ चिंचोके आणि नऊ वाल काढले. पुठ्ठ्यावर डाव सुरू झाला. भजी मी तळली, भाकऱ्या मी थापल्या, त्याही वेड्यावाकड्या. मुलीचे आईवडील येऊन बसले, जेवले, दोनदा "चला आता" म्हणाले. मुलगी दोन डाव हरली, तिसरा जिंकली आणि तो पुठ्ठा काखेत मारून घेऊन गेली. गाडीत बसताना ती वडिलांना सांगत होती, "बाबा, बाकीच्या किल्ल्यांवर पण असणार. आपण खाली बघतच नाही."

गिऱ्हाईक ओसरल्यावर, दिवस मावळायच्या आत, मी आईला विचारलं, "तू सगळ्यांना असंच अडकवतेस?"

"अडकवते कुटं? मला म्हाईत नसतं म्हून इचारते."

"कोठीवरच्या बाईचं तर माहितीये तुला."

आई थोडी हसली. "त्ये म्हाईत हाय. पन म्या सांगितल्यालं कुनाच्या ध्यानात राहात न्हाई गं. त्यांनी वर हुबं राहून वारं अंगावर घेतल्यालं राहातं. काय काय जन तर बाईची आशी युक्ती सांगत्यात, माझ्यापेक्षा भारी आसती."

मी तिला माझ्या खेळाचं सांगितलं. बाण, ठिपके, आवाज, सगळं. आणि म्हणाले, "मग आता सगळंच लपवून ठेवते."

"येडी का तू? सगळंच झाकलं तर मानूस परत फिरंल. दरवाजा दिसला पायजे. दरवाज्याच्या आत काय हाय, तेवडं ऱ्हावं."

मी खुर्चीवर बसून, पगार घेऊन, तीन वर्षं जे शिकत होते ते ही बाई ताकाच्या पेल्याबरोबर रोज वाटत होती. आणि मी तिची लाज बाळगत आले होते. तिला हे मी बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की माझ्या आईचा गडाखाली स्टॉल आहे आणि तिनं मला माझ्या गडातली चूक दाखवली.

पुढचा महिनाभर मी तो गड उसवत बसले. बाण काढले. आवाज काढला. नकाशा ठेवला, पण कोरा. खेळणारा जिथं जाईल तेवढाच भाग उमटणार. दरवाजे लांबून दिसतील असे ठेवले आणि प्रत्येक दरवाज्याच्या आतला रस्ता वळवून टाकला. टाक्याकडे न्यायला ठिपका नव्हता. पाणी ठिबकल्याचा आवाज होता, जवळ गेलं की वाढणारा. कोठीवरच्या बाईची गोष्ट मी आईला विचारून घेतली आणि तिचे तुकडे करून गडभर ठेवले. एके ठिकाणी फुटकं सूप, एके ठिकाणी कणगीच्या तळाशी मूठभर दाणे, आणि तटाखाली, खूप खाली, कोंड्यानं पिवळी झालेली जमीन. कुठंही एक अक्षर लिहिलेलं नाही. देवडीत नवकंकरीचा पट कोरला. शेजारी अर्धा पट. तो अर्धा का, हे खेळात कुठंच सांगितलेलं नाही, कारण ते मलाही ठाऊक नाही.

वरिष्ठ म्हणाले, "लोक हरवतील."

मी म्हणाले, "थोडे हरवू देत. दरवाजा दिसतोय त्यांना."

दुसऱ्या चाचणीला वेगळी दहा मुलं होती. या वेळी खोलीत शांतता नव्हती. एकजण शेजारच्याला विचारत होता, "तुला सूप मिळालं का?" तो म्हणाला, "कसलं सूप?" आणि तो परत मागे फिरला. एक मुलगी तटावरून खाली बघत बराच वेळ नुसती उभी राहिली, आणि मग एकदम ओरडली, "कोंडा! ती त्यांना फसवत होती!" ते तिनं स्वतः जोडलं होतं. लहानपणी मी मागून ओरडले होते त्यात आणि या ओरडण्यात किती फरक आहे, तो मला तेव्हा कानांनी कळला. वेळ संपली तरी चार जणं उठेनात.

वरिष्ठ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुझ्या आईंना एकदा आणता येईल का?"

आई आली. मळवलीहून लोकलनं, मग बसनं, ठेवणीतली साडी नेसून, चष्मा डोळ्यांवर. सगळ्यांसाठी भाकरी आणि ठेचा घेऊन. तिनं आयुष्यात कधी फोनवर खेळ खेळला नव्हता. मी तिला बोट कुठं ठेवायचं तेवढं दाखवलं आणि मागे सरले.

पहिल्या दरवाज्याशी पोचल्यावर तिनं दरवाजा सोडून दिला आणि डावीकडे तटाच्या बाहेरून चालायला लागली. तिथं काही नव्हतं. म्हणजे आम्ही काही ठेवलंच नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर खेळातली मुलगी जागच्या जागी चालायला लागली.

"ह्ये काय? पुडं रान दिसतंय, भित दिसत न्हाई, पन कायतरी आडतंय."

वरिष्ठ म्हणाले, "काकू, तिकडे रस्ता नाही. दरवाज्यातून जायचं."

"दादा, गडाला दरवाजा राजाचा. गुराख्याची वाट येगळीच आसती. दुपारची गुरं सावलीला न्हेत्यात ती कुटनं? आमच्याकडं हितनंच पाऊलवाट हाय. तुमी गुरं ठिवलीत का वर?"

आम्ही गुरं ठेवली नव्हती. चार महिने मी शेवाळाचा विचार केला आणि गुरांचा केला नाही. मी, जिच्या घरी दोन म्हशी आहेत.

पुढचा तासभर आई खेळत होती आणि सहा शिकलेली माणसं वही घेऊन तिच्या मागे उभी होती. ती जिथं जिथं जायला बघत होती आणि जाता येत नव्हतं, ती प्रत्येक जागा लिहून घेतली गेली. गुराख्याची वाट आम्ही केली. ती तटाला वळसा घालून माचीच्या पोटात एका कपारीपाशी निघते, आणि तिथून कोठीची मागची बाजू दिसते, जी दुसरीकडून कुठूनही दिसत नाही. ज्यांना ती वाट सापडते ते दुसऱ्यांना सांगत नाहीत, फक्त "अजून नीट बघ" म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यांत जास्त पत्रं त्या वाटेबद्दल असतात.

खेळ बाहेर आला. फार गाजला असं नाही, पण चांगला चालला आणि अजून चालतो. खेळाच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात, त्यांत आईचं नाव आहे. हुद्दा काय लिहायचा यावर चर्चा झाली. कुणी सल्लागार म्हणालं, कुणी लोककथा संशोधक. मी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "लोहगडवाडी लिव्हा. लोकं इचारत येतील." तसंच लिहिलंय.

गेल्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला तळेगावच्या एका कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं. खेळ कसे बनतात, यावर. मी आईला बरोबर नेलं आणि आयोजकांना आधीच सांगितलं, की अर्धा वेळ तिचा. मी माझं बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग आई उठली. माईक तिनं बाजूला ठेवला. गिऱ्हाइकांना हाका मारून तिचा आवाज पहाडी झालेला आहे.

"हितनं इंदुरी किती लांब?" तिनं विचारलं.

"जवळच आहे!" मुलं म्हणाली. काही शेजारच्या वराळ्याची होती, काही इंदुरीचीच होती.

"तितल्या किल्ल्यात कोन कोन गेलंय?"

बरेच हात वर झाले.

"नदीकडच्या भितीत वर एक खिडकी हाय. आमी लहानपनी म्हनायचो, तितनं बाया पाणी शेंदायच्या. माझी थोरली भन म्हनायची खोटं हाय, दोर पुरायचा न्हाई. मी म्हनायचे पुरतो. आमची लय भांडणं झाली त्यावरनं. भन आता न्हाई. आन् खरं काय त्ये मला आजपतुर म्हाईत न्हाई. तुमी इंजनेर हुनार म्हनं. बगा जमतंय का."

एवढं बोलून ती खाली बसली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. सभागृहात कुजबुज सुरू झाली होती, आणि भाषण संपल्यावर आभार मानणाऱ्या प्राध्यापकांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मागच्या बाकांवर चार-पाच मुली कागदावर भिंत काढत होत्या. पहिल्या रांगेत बसून मी ते बघत होते आणि माझी मान अशी ताठ झाली होती, की शेजारच्या बाईंनी विचारलं, "त्या तुमच्या कोण?" मी म्हणाले, "आई. गडाखाली स्टॉल आहे आमचा."

दोन आठवड्यांनी त्या मुली लोहगडवाडीला आल्या. मी त्या दिवशी घरीच होते. त्यांच्याकडे दोराचं भेंडोळं होतं, वही होती, फोटो होते. त्यांनी खिडकीतून दोर सोडून बघितला होता. दोर भिंतीच्या पायथ्याशी पोचत होता, पण नदीचं पाणी तिथून बरंच पुढे होतं. म्हणजे मावशींच्या बहिणीचं खरं, असं त्यांचं मत पडलं होतं. फक्त एकीचं वेगळं होतं. ती म्हणत होती, नदीचं पात्र सरकलं असेल. भिंतीच्या दगडांवर खाली पाण्याचे डाग आहेत.

आईनं डागाचा फोटो हातात घेतला, चष्मा वर-खाली केला, बराच वेळ बघितला. तिच्या थोरल्या बहिणीशी चाललेलं भांडण तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

"जानेवारीत मोजलंत व्हय?" ती म्हणाली. "आवो, श्रावणात जाऊन मोजा की."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांच्यातली एक वहीत काहीतरी लिहायला लागली, आणि मी चुलीवर तवा ठेवला.